दोन थैल्या आणि सव्वा किलोमीटर

आज बुधवारचा बाजार होता. मी आणि माझी लहान जाऊ तीन किलोमीटर पायी गेलो, आणि येताना पऱ्हाटीच्या वावरांच्या धुऱ्याने तिचं एकच सुरू होतं, "ताई, तिथं गाडी नसली तं सामान कसं आणता जी?" पुढच्या महिन्यात ती दिरांकडे जर्मनीला चालली आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या याच खेड्यातून जाऊन तिथे दोन वर्षं राहिले, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते.

आमच्या घरापासून दुकान सव्वा किलोमीटरवर होतं. पहिल्या खेपेला मी आठवड्याचा बाजार करतात तसंच भरभरून घेतलं. कांदे, बटाटे, चार लिटर दूध, दोन किलो पीठ आणि वरून दीड लिटरच्या सहा बाटल्या पाणी. नुसतं पाणीच नऊ किलो! अर्ध्या वाटेत बोटं पांढरी पडली. ओढणी थैलीच्या बंदाला गुंडाळत, दर विजेच्या खांबापाशी थांबत घरी पोचले. बाटली उघडली तर पाणी सोड्याचं निघालं. तिथे नळाचं पाणी सरळ पितात, हे मला शेजारच्या आजींनी सांगितलं. त्या दिवसापासून पाणी विकत आणणं बंद केलं आणि ओझं निम्म्यावर आलं. कधी प्यायच्या वस्तूची प्लास्टिक बाटली घेतलीच तर तिच्यावर बहुतेक वेळा 25 सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकायची, चिठ्ठी निघते, ती काउंटरवर दिली की पैसे परत. म्हणून बाटली चेपायची नाही आणि फेकायची तर मुळीच नाही.

मला सगळ्यात जास्त धास्ती काउंटरची वाटायची. सामान आपणच सरकत्या पट्ट्यावर मांडायचं. मागच्याचं त्यात मिसळू नये म्हणून मध्ये आडवी दांडी ठेवायची. बाई इतक्या झपाट्याने वस्तू सरकवते की थैलीचं तोंड उघडेपर्यंत पलीकडे ढीग लागतो. माझे टमाटे एकदा दुधाच्या डब्यांखाली चिरडले, मागे आठ माणसं उभी, आणि मला रडू कोसळलं. नंतर उपाय सापडला. आधी जड वस्तू पट्ट्यावर, मग मऊ. पलीकडे आल्या की तशाच दुकानाच्या ढकलगाडीत टाकायच्या, पैसे द्यायचे आणि भिंतीजवळच्या फळीवर जाऊन निवांत थैल्या भरायच्या. घाई करायची गरजच नसते. ढकलगाडी सोडवायला 1 युरोचं किंवा 50 सेंटचं नाणं लागतं. गाडी जागेवर लावली की ते परत मिळतं.

रविवारी दुकानं बंद असतात. बाजाराचा दिवस चुकला की आठवडा गेला, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्यामुळे ते मला जड गेलं नाही. मी जड सामान मंगळवारी आणि भाजीपाला शनिवारी, अशा दोन खेपा ठरवल्या. एका खेपेला आठ किलोच्या वर नाही. पाठीवरच्या पिशवीत जड वस्तू, हातातल्या थैलीत पालेभाजी आणि अंडी. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो आणि वाट निसरडी होते, तेव्हा एक हात मोकळा लागतोच.

पिठाचं मात्र तिने नीट लक्षात ठेवावं. पुड्यावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. 100 ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. 405 च्या माझ्या पोळ्या रबरासारख्या ताणायच्या, 1050 च्या घरच्यासारख्या झाल्या.

तुर्की माणसाच्या दुकानात हिरव्या मिरच्या, भेंडी, मसुराची डाळ आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, मोठमोठ्या जुड्या मिळाल्या. पहिली जुडी नाकाशी धरली आणि आपला बुधवारचा बाजार डोळ्यांपुढे उभा राहिला. तुरीची डाळ आणि ज्वारीचं पीठ घ्यायला रेल्वेने शहरातल्या भारतीय दुकानात जावं लागे. महिन्यातून एकदा जायचे, डाळ दोन किलो, पीठ दोन किलो.

सासूबाईंनी मला जाताना जाड कापडाच्या दोन थैल्या शिवून दिल्या होत्या. बंद रुंद असल्याने बोटांना काचत नाहीत. आज सोले, म्हणजे शेंगांचे ओले दाणे, निवडून झाल्यावर त्या धुऊन वाळत घातल्या आहेत. एकीच्या आतल्या खिशात 1 युरोचं नाणं शिवून दिलंय, टाका सैल ठेवलाय.