क्रेऑनचे फर्मान आणि उशिराचे दहा टक्के

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी दहावीच्या मुलांना जागतिक साहित्य शिकवते. सप्टेंबरमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक शिक्षकाला आपल्या विषयाचा एक कागद वाटावा लागतो. वर्षभरात काय वाचणार, कशाला किती गुण, वही कशी ठेवायची, फोन कुठे ठेवायचा, निबंध उशिरा आला तर काय आणि नक्कल सापडली तर काय, हे सगळे त्यात लिहिलेले असते. मुलांनी तो घरी न्यायचा, पालकांनी खाली सही करायची, मुलांनीही करायची आणि कागद परत आणायचा. मोबाइलवर ॲप उतरवताना आपण ज्या श्रद्धेने ‘मान्य आहे’वर बोट ठेवतो, त्याच श्रद्धेने बहुतेक घरांत ही सही होते, हे मला माहीत आहे.

माझ्या कागदातले सर्वांत कडक कलम उशिरा आलेल्या कामाचे होते. दर दिवशी दहा टक्के कपात आणि पाच दिवसांनंतर शून्य. हे कलम मी शोधलेले नव्हते; आमच्या विभागातले दहावीचे सगळे शिक्षक तेच वापरत आणि त्यामागे व्यवहार होता. शंभराहून अधिक निबंध तपासायचे असताना ते महिनाभर एकेक करून येत राहिले, तर कोणालाच वेळेवर परत मिळत नाहीत.

इथल्या गुणांची रीत महाराष्ट्रातल्या वाचकांना थोडी समजावून सांगायला हवी. आपल्याकडे शालान्त परीक्षेत पस्तीसला उत्तीर्ण होता येते; इथे बहुतेक शाळांत साठ किंवा पासष्टच्या खाली गेले की विद्यार्थी नापास. त्यामुळे शून्य फार खोल जाते. चार निबंधांत नव्वद नव्वद मिळवणाऱ्या मुलाचा पाचवा निबंध आलाच नाही, तर त्याची सरासरी 72 वर येते आणि ‘ए’च्या पंक्तीतला मुलगा ‘सी’च्या पंक्तीत जाऊन बसतो. आकडा खरा असतो, पण तो वाचणाऱ्याला त्या मुलाच्या लेखनाविषयी काहीच खरे सांगत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीझचे ‘अँटिगनी’ हे नाटक संपवले. थीब्ज नगरीचा राजा क्रेऑन फर्मान काढतो की, देशद्रोही ठरलेल्या पॉलिनायसिसचे प्रेत कोणी पुरू नये. बहीण अँटिगनी ते पुरते. राजा तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो. आणि त्याला उपरती होते तेव्हा सगळे हातचे गेलेले असते. नाटक संपले की मी एक चर्चासत्र घेते. अर्धी मुले आतल्या वर्तुळात बसून बोलतात, अर्धी बाहेरच्या वर्तुळात बसून टिपणे घेतात आणि मग जागा बदलतात. प्रत्येक विधानाला संहितेतली ओळ दाखवायची, ही मुलांसाठी अट. शिक्षकाने बोलायचे नाही, ही माझ्यासाठी. एखाद्याचा अवमान होत असेल किंवा कोणाची खासगी गोष्ट उघड होत असेल, तरच मी तोंड उघडायचे.

त्या दिवशी फळ्यावर प्रश्न होता: क्रेऑनचा अपराध नेमका कोणता, फर्मान काढणे की ते मागे न घेणे? पहिली काही मिनिटे अपेक्षेप्रमाणे गेली. देवांचे कायदे, राज्याचे कायदे, घरचे नाते. मग एका मुलीने पुस्तकाखालून आमचा तो सप्टेंबरचा कागद काढला आणि वर्तुळाच्या मधोमध जमिनीवर ठेवला. आधीच्या आठवड्यात तिचा निबंध तीन दिवस उशिरा आला होता आणि त्याचे तीस टक्के गेले होते, हे मला ठाऊक होते. वर्गाला ते तिनेच सांगितले. “थीब्जमध्ये फर्मान निघाले तेव्हा कोणालाही विचारले नव्हते,” ती म्हणाली. “या कागदावर माझी सही आहे, पण माझे मत कुठेही नाही. मग हेही फर्मानच झाले.”

वर्गात हशा पिकला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात पेन होते आणि तोंडावर मीच घातलेले कुलूप. मी ‘ओळ कोणती?’ एवढे फळ्यावर लिहिले.

समोरच्या मुलाने ओळ शोधली. क्रेऑन अँटिगनीला विचारतो की, मनाईहुकूम तुला माहीत होता का, ती जागा. त्याने तोच प्रश्न क्रेऑनच्या आवाजात त्या मुलीला विचारला: “तारीख तुला माहीत होती की नव्हती?” ती क्षणभरही न थांबता म्हणाली, “होती. कशी नसेल? फळ्यावर लिहिलेली होती.” अँटिगनीचे उत्तर जवळजवळ हेच आहे, जाहीर हुकूम मला ठाऊक नसेल कसा, असे ती राजाला विचारते. बाहेरच्या वर्तुळातल्या मुलांनी बाकांवर हात आपटले. इतक्या वर्षांत ‘अँटिगनी माघार का घेत नाही’ हे समजावण्यासाठी मी बरेच काही करून पाहिले आहे, पण त्या दोन वाक्यांत ते जसे वर्गाला उमगले, तसे पूर्वी कधी उमगले नव्हते.

मग चर्चा भरकटेल असे वाटू लागले. एक मुलगा म्हणाला की, काही जणांना दर वेळी जास्त वेळ मिळतो, हा कुठला न्याय? इथे मात्र मला बोलावे लागले. अमेरिकेत 1973 च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम 504 खाली, शिकण्यात किंवा आरोग्यात अडचण असलेल्या विद्यार्थ्याला लेखी सवलती मिळतात आणि वाढीव वेळ ही त्यांतली नेहमीची सवलत आहे. ती शिक्षकाच्या मर्जीची नसते. कोणाला ती आहे हे वर्गात सांगणे तर दूरच, सूचित करणेही मला चालत नाही. “कायद्याने मिळालेल्या सवलतींची चर्चा इथे होणार नाही. पुढे चला,” एवढेच मी म्हणाले. त्या वर्तुळात ती सवलत असलेली मुले बसलेली होती. त्यांच्यापैकी एकानेही मान वर केली नाही.

चर्चा पुन्हा रुळावर आणली ती एका शांत मुलाने. हा मुलगा एरवी आपल्या वाट्याचे एक वाक्य बोलून मोकळा होतो. त्याने नाटकातल्या पहारेकऱ्याचा उल्लेख केला. प्रेत कोणीतरी पुरल्याची बातमी घेऊन हा पहारेकरी राजापुढे येतो आणि येताच कबूल करतो की, मी काही धावत आलो नाही. वाटेत कितीदा तरी थांबलो, मागे वळलो, कारण शिक्षा मलाच होणार असे वाटत होते. “त्याला उशीर का झाला?” मुलाने विचारले. “त्याला शिक्षेची भीती होती म्हणून. माझेही तसेच होते. पहिल्या दिवशी दहा टक्के गेले की मला निबंध उघडायचीच भीती वाटते. दुसऱ्या दिवशी आणखी जातात. मग वाटते, आता शून्यच बरे.”

पहारेकऱ्याचा तो प्रवेश मी विनोदासाठी शिकवत असे. प्रेक्षकांना जरा हसू यावे म्हणून नाटककाराने घातलेला साधा माणूस, असे आमच्या टिपणांतही लिहिलेले आहे. धाकाने काम लवकर न होता उलट लांबते, हा अर्थ त्या ओळींत बसलेला आहे आणि तो दाखवायला निबंध थकीत असलेला मुलगाच हवा होता, असे मी त्या दिवसापासून मानते.

दुसरी बाजूही गप्प बसली नाही, आणि मला ती तितकीच महत्त्वाची वाटली. वेळेवर काम देणारी एक मुलगी म्हणाली की, उशिराला काहीच किंमत नसेल, तर रात्री जागून लिहिणाऱ्यांनी काय मूर्ख ठरायचे? तिने शेवटाचा आधार घेतला. भविष्यवेत्ता टायरेसिअस बजावून गेल्यावर वृद्धांचा कोरस क्रेऑनला स्पष्ट सांगतो की, आधी मुलीला गुहेतून सोडव आणि मग मृताला माती दे. क्रेऑन उलट करतो. आधी प्रेताचे संस्कार होतात आणि मग सगळे गुहेकडे जातात. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. “क्रेऑनने सगळे बरोबर केले,” ती म्हणाली, “फक्त उशिरा केले. मग त्याला पूर्ण गुण द्यायचे का?” यावर पहिल्या मुलीने, म्हणजे तीस टक्केवालीने, असे उत्तर दिले की, काही कामांना वेळ हाच जीव असतो आणि काहींना नसतो; गुहा एक दिवस थांबणार नव्हती, माझा निबंध थांबला असता. घंटा वाजली तेव्हा कोणीही उठले नाही. ऐंशी मिनिटांच्या तासानंतर पंधरा-सोळा वर्षांची मुले जागेवर बसून राहतात, हे ज्याने शिकवले आहे त्यालाच विलक्षण वाटेल.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तोच कागद पुन्हा दिला आणि प्रत्येक कलमापुढे ते का आहे, असे त्यांना वाटते ते लिहायला सांगितले. फोन भिंतीवरच्या कप्प्यात ठेवण्याच्या कलमाला सर्वांनी कारण दिले आणि आश्चर्य म्हणजे कोणी ते काढा म्हणाले नाही. पुस्तकाच्या समासातली टिपणे चर्चेच्या दिवशीच दाखवायची, नंतर चालणार नाहीत, हेही टिकले, कारण चर्चा होऊन गेल्यावर त्या टिपणांचा उपयोग संपतो. निबंधाचा पहिला खर्डा वर्गातच हाताने लिहायचा, हे कलम 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यानंतर मी घातले होते. त्यावर बरीच कुरकुर झाली, पण कारण सर्वांनाच ठाऊक होते. लेख यंत्राने लिहिला का, हे ओळखणारी साधने निर्दोष मुलांवरही बोट ठेवतात, विशेषतः इंग्रजी ज्यांची पहिली भाषा नाही त्यांच्यावर. ती साधने वापरण्यापेक्षा मला मुलांचे खाडाखोड केलेले कागद अधिक भरवशाचे वाटतात. ते कलम मी बदलले नाही आणि बदलणारही नाही.

दर दिवशी दहा टक्क्यांच्या कलमापुढे मात्र निम्म्या मुलांनी ‘धाक’ असे लिहिले आणि उरलेल्यांनी जागा रिकामी सोडली. तपासणीचे वेळापत्रक हे माझे खरे कारण एकानेही लिहिले नाही, कारण कागदात ते कुठेच नव्हते.

विभागाच्या पर्यवेक्षकांकडे मी हे सगळे घेऊन गेले. शाळा-जिल्ह्याचे, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे, धोरण आमच्या सर्वांच्या वर असते आणि वर्षाच्या मध्येच अटी बदलायच्या तर पालकांना लेखी कळवावे लागते. एका सत्रापुरता प्रयोग करण्याची परवानगी त्यांनी दिली. नव्या कलमानुसार निबंधाचे गुण केवळ लेखनाला मिळतील. उशीर झाला तर त्याची नोंद वेगळी होईल आणि ती पालकांना दिसेल. आदल्या दिवशी मागितली तर कारण न विचारता मुदतवाढ मिळेल, पण सत्रात दोनदाच. तारखेनंतर आठवड्याने दार बंद, कारण पुढचा निबंध सुरू होण्यापूर्वी मागचा तपासून परत द्यायचा असतो. हे कारण मी कलमाखालीच छापले, बाकीच्या कलमांखालीही छापले, आणि कागद एका पानाचा तीन पानांचा झाला.

पालकांत मतभेद झालेच. एका मराठी वडिलांनी फोन केला. “मॅडम, तुम्ही हे ढिले करताय,” ते म्हणाले. “आमच्या वेळी बोर्डाच्या पेपरला उशीर झाला की वर्ष जायचे.” मी म्हटले, परीक्षेची वेळ माझ्याकडेही सुटत नाही, वर्गात होणारी परीक्षा त्याच तासाला संपते. निबंध हे दोन-तीन आठवड्यांचे काम आहे आणि त्यात मुलगा वेळ आधी मागायला शिकला, तर मला ते हवे आहे. त्यांना ते फारसे पटले नाही. मुलाने मुदतवाढ मागितली की आधी मला कळवा, अशी अट त्यांनी घातली. ती मी मान्य केली नाही. नोंद त्यांना दिसणारच होती, पण मागणी मुलाची आणि माझ्यातली राहील, असे मी सांगितले. आणखी दोन-चार फोन याच सुराचे आले, आणि त्यांच्या शंकेत काही तथ्य आहे हेही खरे, कारण पहिल्याच निबंधाला बऱ्याच मुलांनी दोनपैकी एक मुदतवाढ संपवून टाकली.

उरला प्रश्न त्या तीस टक्क्यांचा. नवे कलम मागील निबंधांनाही लागू करावे, असे त्या मुलीचे म्हणणे होते आणि वर्ग यावर दुभंगला. मी नाही म्हटले. जुन्या अटींखाली कितीतरी मुलांनी घाईघाईने, अर्धवट लिहून वेळेवर निबंध दिले होते. अट वेगळी असती तर त्यांनीही अधिक वेळ घेऊन अधिक चांगले लिहिले असते, आणि ते गुण आता परत देता येत नाहीत. हे कारण मी तिला लेखी दिले. तिने पर्यवेक्षकांकडे दीड पानांचा अर्ज केला. त्यात तिने राजपुत्र हीमनचे बोलणे आधाराला घेतले होते: पुरात वाकणारी झाडे तगतात, ताठ उभी राहणारी मुळासकट उखडली जातात. पर्यवेक्षकांनी तिला बोलावून सगळे ऐकून घेतले, अर्जाच्या युक्तिवादाचे कौतुक केले आणि माझा निर्णय कायम ठेवला. अर्ज मात्र तिने मुदतीच्या दोन दिवस आधी दिला होता.