किल्पेकचं चर्च: आधी बाहेरून प्रदक्षिणा घाला

इंग्लंडमधल्या हेरिफर्डहून वेल्सच्या दिशेला साधारण नऊ मैलांवर किल्पेक आहे. ए४६५ हा मोठा रस्ता सोडला की पुढचा रस्ता एकदम अरुंद होतो. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यायची तयारी ठेवा. रेल्वे हेरिफर्डपर्यंतच, पुढे टॅक्सी.

सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड हे चर्च छोटंसं, तांबूस वालुकाश्माचं. शेजारच्या गढीचा नॉर्मन मालक ह्यू याच्या काळात, 1140 च्या सुमारास बांधलेलं. आम्ही सवयीने थेट दाराकडे निघालो होतो, पण मान वर गेली आणि तिथेच थांबलो. छपराच्या कडेखाली ओळीने दगडी तोडे, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले आधाराचे दगड, आज 85 उरलेत, आणि प्रत्येकावर वेगळं शिल्प. एकावर कुत्रा आणि ससा गालाला गाल लावून बसलेत. कुत्र्याचे कान लोंबते, डोळे वाटोळे, जणू आत्ताच कुणीतरी हाक मारली. सिन्नरच्या गोंदेश्वराला जशी बाहेरून फेरी मारत शिल्पं बघतो, तशीच इथे मारा. दुर्बीण असेल तर न्याच.

गाभाऱ्याच्या बाजूला शीला-ना-गिग आहे, दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी स्त्री. मला लज्जागौरी आठवली. ती आपल्याकडे पूजेतली; ही कशासाठी कोरली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मुलं बरोबर असतील तर सरळ उत्तर द्या, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

दक्षिणेचं दार हा इथला खरा ऐवज. वरच्या अर्धगोलात वेल, बाजूच्या खांबांवर गुंडाळलेले साप, आणि वेलींत अडकलेले पायघोळ विजारीतले दोन योद्धे. एका खांबाच्या माथ्यावर तोंडातून पानं ओकणारा चेहरा आहे. आपल्या कीर्तिमुखाची सवय असलेला माणूस तिथून लवकर हलत नाही. दगड मऊ आहे, जवळून बघा पण हात लावू नका. दुपारी ऊन या बाजूला असतं, त्यामुळे वेळ तशी साधा.

आत गाभाऱ्याच्या कमानीला संतांच्या मूर्ती एकावर एक उभ्या आहेत. किल्ल्या घेतलेला पीटर लगेच ओळखू येतो. तिकीट नाही, दानपेटी आहे. तिच्यात काहीतरी जरूर टाका, असलं कोरीव काम राखायला पैसा लागतो.

निघण्याआधी चर्चमागच्या गढीच्या टेकाडावर चढा. भिंतीचे दोनच तुकडे उरलेत. गवत ओलं असतं, बूट चांगले घाला.