फाटकावरून परत गेलेला वळू

मी पशुवैद्यक, राहायला नाशिकला. 2022 च्या सप्टेंबरात लम्पी या गुरांच्या साथीच्या त्वचारोगामुळे राज्यभरातले जनावरांचे बाजार आणि प्रदर्शनं बंद झाली. ती बंदी उठल्यावर इगतपुरी तालुक्यातल्या एका गावच्या मैदानावर पुन्हा डांगी जातीच्या गाई-बैलांचं प्रदर्शन भरलं आणि फाटकावरची तपासणी माझ्याकडे आली. कानातला बिल्ला, लसीचा दाखला, अंगावरून हात, मग आत.

सकाळीच सत्तरीतले एक बाबा पूर्ण वाढलेला वळू घेऊन आले. पांढऱ्यावर काळे डाग, शिंगांना ताजा हिंगूळ. डांगीचं कातडं तेलकट असतं, म्हणून इगतपुरीचा पाऊस त्याच्या अंगावर ठरत नाही. हात फिरवला की तळवा बुळबुळीत होतो. तो हात खांद्यापुढे गेला आणि थांबला. आतली गाठ सुजलेली. मानेवर सुपारीएवढ्या आणखी दोन. थर्मामीटर 104 वर.

"बाबा, आत नाही सोडता येणार."

"साहेब, आज्यापासून आमची खुटी हाय आत."

खरंच होती. त्यांनी कुंपणावरूनच दाखवली, बाभळीपासून तिसरी. हे मैदान म्हणजे गावचं गायरान. भात झोडून झाला, पेंढा घरात आला की शेजारच्या अकोले तालुक्यातली माणसं दोन-दोन रात्री चालत इथे जनावरं आणायची. भाताची चिखलणी बैलांवरच, त्यामुळे चिखलात न फुटणाऱ्या काळ्या, टणक खुरांचा वळू बघायला लांबून लोक येत. आता टेम्पो येतात, आणि बाबांच्या खुंटीसमोरच पॉवर टिलरचा मांडव आहे. मला ते बघवलं नाही.

पण गोचीड आणि चावऱ्या माश्या हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. आत शंभरावर जनावरं होती. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मी वळूला टेम्पोत चढवायला लावलं. तो निर्णय आजही बरोबरच वाटतो, आणि आजही जड जातो.

मुलगा वळू घेऊन गेला. बाबा मात्र कासरा खांद्यावर टाकून, चपला आणि हातपाय औषधाच्या पाण्यात धुऊन रिंगणाशी येऊन बसले. दोन दातींचा, म्हणजे तरण्या जनावरांचा गट फिरायला लागला. "तो शेवरा आमच्या वळूचा. त्याच्यामागचा मणेरा बी. त्यो लाल… त्याची आजी आमच्या गोठ्यातली." शेवरा, मणेरा ही डांगीची रंगावरून पडलेली नावं. मालकांना विचारलं, तिघांनीही होकारार्थी मान हलवली. आमच्या नोंदीच्या कागदावर मालकाचं नाव, वय, रंग, उंची, सगळ्याला रकाना होता. बापाला नव्हता. मी समासात पेन्सिलीने लिहीत गेलो.

तीन आठवड्यांनी गोठ्यावर गेलो. ताप उतरला होता, गाठींवर खपल्या धरल्या होत्या, वळू वैरण ओढत होता. बाबांनी चहा पुढे केला आणि विचारलं,

"साहेब, मैदानावरच्या खुट्या उपटल्या का हायेत अजून?"