दूरस्थ त्वचारोग सेवा वाढवताना: आधी उत्तराचे तास मोजा

गावातल्या आरोग्य केंद्रातून फोटो पाठवून त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घेणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. बरा कॅमेरा असलेला एक फोन, केंद्रावरचा शिकवलेला आरोग्य कर्मचारी आणि पलीकडे उत्तर देणारा तज्ज्ञ एवढ्यावर काम सुरू होतं. पाच केंद्रांपर्यंत ते व्यवस्थित चालतं. पाचाची पन्नास केली की ते कोलमडतं, आणि दोष बहुतेक वेळा ॲपचा नसतो. तज्ज्ञाचे तास पुरत नाहीत, नाहीतर उत्तरात लिहिलेलं मलम केंद्राच्या कपाटात नसतं.

म्हणून आधी हिशेब मांडायचा. २० केंद्रं, प्रत्येकाकडून आठवड्याला ४ रुग्ण, म्हणजे ८० प्रश्न. फोटो पाहून, माहिती वाचून नीट उत्तर लिहायला ६ मिनिटं धरली तर आठवड्याला ८ तास होतात. हा एका तज्ज्ञाचा पूर्ण कामाचा दिवस आहे. तो दिवस त्याच्या नेमणुकीतच लिहिलेला आणि पगारात धरलेला हवा. 'वेळ मिळेल तसं बघतो' यावर उभी केलेली सेवा पहिल्या सुट्टीत थांबते. दुसरा तज्ज्ञ पर्यायी म्हणून सुरुवातीपासूनच यादीत असावा.

थेट व्हिडिओवर सल्ला देण्यापेक्षा फोटो आणि माहिती साठवून पाठवणं दुर्गम भागात जास्त टिकतं. रेंज आली की पाठवायचं, तज्ज्ञाने सवडीने उत्तर द्यायचं. शिवाय हलत्या व्हिडिओत बारीक खपली दिसत नाही, स्थिर फोटोत दिसते.

मात्र फोटो तसा काढता आला पाहिजे, आणि प्रशिक्षणाचा निम्मा वेळ यावरच घालवावा असं माझं ठाम मत आहे. आधी लेन्स मऊ कापडाने पुसायची. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा असतोच. फ्लॅश बंद. उघड्या उन्हात नाही, खिडकीजवळ किंवा सावलीत. मागे एकरंगी निळं किंवा हिरवं कापड. मग तीन फोटो: पुरळ अंगावर कुठे आणि किती पसरलंय ते दाखवणारा लांबून, एका भागाचा मधल्या अंतरावरून, आणि एका चट्ट्याचा जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. पुरळ उंच आहे की सपाट हे कळायला आणखी एक फोटो बाजूने तिरका प्रकाश घेऊन काढावा. जवळचा फोटो धूसर येतो, कारण फोन त्वचेला जवळजवळ टेकवला जातो. साधारण एक वीत मागे यायचं, दुप्पट झूम करायचं आणि स्क्रीनवरच्या चट्ट्यावर बोट टेकवून फोकस धरायचा. सावळ्या त्वचेवर कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो आणि रंग फिका पाडतो, म्हणून उजेड थोडा खाली ओढावा. अशा त्वचेवरची सूज लाल न दिसता जांभळट किंवा गडद तपकिरी दिसते. 'लाली नाही' असं लिहून पाठवण्यात इथेच चूक होते. मेसेजिंग ॲपवरून साधा फोटो पाठवला तर तो दाबला जाऊन खपलीचा तपशील जातो, त्यामुळे फाइल म्हणून पाठवावा. संमती आधी घ्यायची, शक्य तिथे चेहरा टाळायचा, आणि फोन केंद्राचाच हवा. खासगी फोनवरचे फोटो आपोआप कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात साठतात.

सोबतचे प्रश्न थोडेच ठेवावेत: किती दिवसांपासून, कुठून सुरू झालं, खाज आहे का, रात्री वाढते का, घरात आणखी कुणाला आहे का, आधी कोणतं मलम लावलं. शेवटचा प्रश्न कधीच गाळू नये. स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलेला नायटा आपली ओळखीची गोल कडा हरवून बसतो आणि फोटोत इसबासारखा दिसतो.

काही गोष्टी फोटोत येतच नाहीत. फिकट चट्ट्यावर स्पर्श कळतो का, हे रुग्णाला डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने तिथेच तपासावं लागतं. कुष्ठरोगाची शंका बरीचशी त्यावर ठरते. आणि काही रुग्ण उत्तराची वाट पाहत बसवायचेच नाहीत: औषध घेतल्यावर तोंडात, डोळ्यांत फोड येऊन त्वचा सुटणं, तापाबरोबर दाबूनही न मावळणारे जांभळे ठिपके, वेगाने पसरणारी आणि असह्य दुखणारी सूज. हे थेट रुग्णालयात. ही यादी भिंतीवर चिकटवलेली असावी.

आता औषधं. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेलं मलम म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि ते बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. एका पायाला पावलासह अशी ८ बोटं लागतात. दोन्ही पायांना १६, म्हणजे ८ ग्रॅम. दिवसातून दोनदा, ७ दिवस, म्हणजे ११२ ग्रॅम. १५ ग्रॅमची एक ट्यूब दिली तर ती पहिल्याच दिवशी संध्याकाळी संपते, आणि पुढच्या भेटीत 'औषध लागू पडलं नाही' अशी नोंद होते. उत्तरात औषधाच्या नावाबरोबर ग्रॅमही लिहायला हवेत.

खरजेचंही तसंच. ५% परमेथ्रिन मानेपासून पायापर्यंत, नखांखाली आणि बोटांच्या बेचक्यांतही लावायचं, ८ ते १४ तासांनी धुवायचं, ७ दिवसांनी पुन्हा. मोठ्या माणसाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम. दोन मोठी माणसं आणि तीन मुलं असतील, मुलांना १५ ग्रॅम धरले, तर दोन वेळचे २१० ग्रॅम लागतात, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी लावलं नाही तर ते वायाच जातं. यानंतरही खाज दोन-चार आठवडे राहू शकते, हे आधी सांगितलं नाही तर तोच रुग्ण नवा प्रश्न होऊन परत येतो. म्हणून मोजक्या १२-१५ औषधांची यादी आधी ठरवावी, त्यांचा पुरवठा केंद्राच्या नेहमीच्या मागणीपत्रकात घालावा, आणि तज्ज्ञाने शक्यतो त्या यादीतूनच लिहावं. देणगीच्या पैशातून स्वतंत्र आणलेली औषधं प्रकल्पाबरोबरच संपतात.

प्रत्येक उत्तरात निदानाशेजारी एक ओळ असावी: कशावरून ओळखलं. 'कडेला खपली, मध्ये साफ, म्हणून नायटा.' अशा ओळी वाचत गेलेला कर्मचारी काही महिन्यांत खरूज, नायटा, साधं इसब स्वतः सांभाळतो आणि खरोखर अडलेलंच पाठवतो. त्याची बदली झाली की मात्र सगळं पुन्हा शून्यावर येतं. प्रत्येक केंद्रावर दोघांना शिकवायचं ते यासाठीच.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्वचारोगांना जागतिक सार्वजनिक आरोग्याचा प्राधान्यविषय मानणारा ठराव केला. त्यामुळे निधीची दारं उघडतील आणि केंद्रं भराभर जोडण्याचा मोह होईल. आधी दर महिन्याला चार आकडे पाहावेत: ४८ तासांत मिळालेली उत्तरं, परत काढावे लागलेले फोटो, लिहिलेलं औषध खरंच मिळालेले रुग्ण, आणि दुसऱ्यांदा तपासलेले रुग्ण. हे चारही सलग तीन महिने बिघडले नाहीत, की पुढची दोन केंद्रं जोडावीत.