घाट उतरताना ब्रेक जपा

मोटरसायकलवरून दिवसभराच्या घाटवाटेची तयारी बहुतेक जण चढ डोळ्यांसमोर ठेवून करतात. गाडी दोघांना ओढेल का, हीच चिंता. ओढ कमी पडली तर गाडी हळू चढेल, एवढंच. उंचीवर हवा विरळ असल्याने दर हजार मीटरला इंजिनची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते, ते गृहीतच धरा. कार्ब्युरेटरवाल्या (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग असलेल्या) गाडीत मिश्रण जाड होऊन, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होऊन, प्लग काळा पडतो, पण एका दिवसासाठी जेट, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारं बारीक छिद्र, बदलत बसू नये.

घात होतो उतारावर. मागच्या ब्रेकवर पाय ठेवूनच उतरायची सवय फार जणांना असते. चाकाची डिस्क आणि तिला दाबणारे पॅड तापतात, ती उष्णता पॅड धरणाऱ्या कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि कालांतराने ही मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पॅड दाबले जात नाहीत आणि पेडल पोकळ जातं. म्हणून ऑइल दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कितीही कमी चालली असली तरी.

ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम आजही चोख आहे. थ्रॉटल बंद, क्लचचा लिव्हर न दाबता, वेग इंजिन धरून ठेवतं. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना, दोन्ही एकत्र, ठामपणे लावा आणि सोडून द्या. मधल्या वेळात डिस्क निवते. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. ब्रेकचा लिव्हर मऊ लागला तर तो पटापट दाबा-सोडा, एकेक गिअर खाली घ्या, थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू शकते.

चढाच्या हेअरपिनमध्ये (रस्ता जवळजवळ उलटा फिरतो अशा वळणात) आतली कड सर्वांत उभी असते. तिथे वरच्या गिअरमध्ये शिरलात तर इंजिन बंद पडतं आणि गाडी आतल्या बाजूला कलंडते, कारण त्या बाजूला पाय टेकायला जमीनच खोल असते. गिअर आधीच खाली घ्या. आपल्याच लेनच्या बाहेरच्या कडेने शिरा, पुढचा रस्ता उघडा दिसेपर्यंत आत वळू नका. नजर दरीवर किंवा कठड्यावर खिळली की गाडीही तिकडेच जाते.

जड सामान खाली आणि मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे. टायरची हवा गार असताना, पुस्तिकेतल्या दोघांच्या आकड्याप्रमाणे. चेनचा ढिलेपणा बऱ्याच गाड्यांना दोन ते तीन सेंटिमीटर चालतो, तरी पुस्तिका बघाच.

मुक्कामी पोचल्यावर चेन कोमट असतानाच आतल्या बाजूने ल्यूब मारा. एखादा थेंब डिस्कवर किंवा टायरवर उडाला असेल तर तो पुसल्याशिवाय गाडी हलवू नका.