उसन्या नावाचा हेर

आमच्या घरी न्याहारीच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, पक्ष्यांची ओळख करून देणारे एक पुस्तक कायम पडलेले असते. चहाला उकळी येईपर्यंत ते चाळायचे, खिडकीबाहेरचा कलकलाट सातभाईंचा आहे हे ठाऊक असूनही त्यांचे चित्र पुन्हा काढून पाहायचे, हा माझा परिपाठ आहे. मुखपृष्ठावरचे लेखकाचे नाव मी कधी नीट वाचलेले नाही. इंग्रज कादंबरीकार इयन फ्लेमिंगने आपल्याजवळच्या अशाच पुस्तकावरचे वाचले होते.

जमैकात समुद्रकाठी त्याने ‘गोल्डनआय’ नावाचे घर बांधले होते आणि लंडनच्या वृत्तपत्रातील नोकरीतून दरवर्षी हिवाळ्यात मिळणारी दोन महिन्यांची सुटी तो तिथे घालवी. 1952च्या सुरुवातीला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, स्वतःचे लग्न तोंडावर आलेले असताना तो टंकयंत्रापुढे बसला आणि पहिली कादंबरी लिहू लागला. हेराला नाव हवे होते, तेही होईल तितके नीरस. हाताशी होते 1936 साली निघालेले वेस्ट इंडीजमधील पक्ष्यांचे पुस्तक, आणि त्याचा लेखक होता फिलाडेल्फियाचा एक पक्षितज्ज्ञ, जेम्स बाँड. आपल्याकडची सोनूबाई नावापुरतीच सोन्याची; इथे नाव कथलाचे निघाले आणि सोने पुढे आले.

दुसऱ्या महायुद्धात फ्लेमिंग ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात ॲडमिरल गॉडफ्री यांचा साहाय्यक होता. म्हणजे हेरगिरी त्याने पाहिली ती बरीचशी टेबलामागून. त्यामुळेच असेल, पण अचाट प्रसंग रचताना त्याला खऱ्या नावांचा टेकू लागे, असे मला वाटते. सिगारेट, घड्याळ, पिस्तूल, सारे दुकानात मिळणाऱ्या नावाचे. माणसांची नावेही अशीच आसपासची उचललेली. गोल्डफिंगर हे लंडनमधील एका वास्तुविशारदाचे आडनाव होते आणि ते खलनायकाला दिलेले पाहून त्या गृहस्थांनी वकील गाठला. ब्लोफेल्ड या दुसऱ्या खलनायकाचे आडनाव ईटन शाळेतील एका सहाध्यायाचे मानले जाते. क्रिकेटचे धावते वर्णन ऐकत वाढलेल्यांना ठाऊक असलेले हेन्री ब्लोफेल्ड हे त्यांचेच चिरंजीव. कादंबरीतल्या ब्लोफेल्डला फ्लेमिंगने जन्मतारीख मात्र स्वतःची दिली, 28 मे 1908. चोरीच्या मालात घरचेही थोडे घालावे, तसे.

पक्षितज्ज्ञाच्या पत्नीने फ्लेमिंगला पत्र लिहून या नावचोरीबद्दल थट्टेने जाब विचारला, तेव्हा 1961 साली त्याने दिलेले उत्तर फार गोड आहे. मोबदल्यात माझे नाव तुम्ही हवे तसे वापरा, त्याने कळवले. तुमच्या यजमानांना एखादा अतिशय ओंगळ पक्षी सापडलाच, तर अपमान म्हणून त्याला इयन फ्लेमिंगचे नाव द्यावे.

फेब्रुवारी 1964मध्ये ते दांपत्य अचानक गोल्डनआयच्या दारात येऊन उभे राहिले. फ्लेमिंगने आपल्या नव्या कादंबरीची प्रत काढली आणि तिच्यावर लिहिले, ‘खऱ्या जेम्स बाँडला, त्याची ओळख चोरणाऱ्याकडून’. हृदयविकाराने तो तोवर खंगला होता. त्याच वर्षी 12 ऑगस्टला, मुलाच्या बाराव्या वाढदिवशी, तो गेला. खरा बाँड त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे जगला.