बोकडाच्या मेरुरज्जूची निळी काच : मागील नोंदीनंतरची प्रगती

मेरुरज्जूच्या करड्या भागाचा स्मिअर (काचेवर पसरवलेला पातळ थर) करून त्यातील चेतापेशी ओळखणे आता भरवशाने जमू लागले आहे, त्यामुळे या नोंदीत साहित्याबद्दल थोडे आणि काचेवर जे दिसते त्याबद्दल अधिक लिहितो. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडच्या आठवडी बाजारात खाटीक कणा सत्तुराने उभा फोडतो आणि त्यात मेरुरज्जू चिरडला जातो; म्हणून मानेचा खालचा तुकडा अखंड ठेवण्यास आधीच सांगून ठेवावे लागते. तोच तुकडा मागण्याचे कारण असे की, तेथे मेरुरज्जू किंचित फुगलेला असतो, कारण पुढच्या पायांच्या स्नायूंना चालवणाऱ्या पेशी त्या भागात दाटलेल्या असतात. माणसात हाच फुगवटा हातांसाठी असतो.

करड्या भागाची चिमूट दोन काचांमध्ये दाबून पसरवावी, वाळू द्यावी, अल्कोहोलने पक्की करावी आणि मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या एक टक्का द्रावणात काही मिनिटे ठेवून धुवावी. आपल्याकडच्या मे महिन्यात रंग काचेवरच सुकून त्याचे खडे बनतात. ओल्या कापसासह काच झाकून ठेवल्यास ते टळते. वीज केव्हाही जात असल्याने आरशाचा सूक्ष्मदर्शक मला दिव्याच्या सूक्ष्मदर्शकापेक्षा अधिक सोयीचा वाटतो.

शंभरपट वर्धनाखाली प्रेरक, म्हणजे स्नायूंना चालवणारी, चेतापेशी चटकन सापडते. तिची काया (केंद्रक असलेला मुख्य भाग) मोठी, कोनाकोनांची आणि गर्द निळी असते, मध्ये फिकट केंद्रक आणि त्यात एक ठळक ठिपका दिसतो. माणसातील अशी मोठी पेशी 70 मायक्रोमीटरपर्यंत भरते, तर तांबडी रक्तपेशी साधारण 7 मायक्रोमीटरची असते. वृक्षिकांची (कायेतून फुटणाऱ्या आखूड फांद्यांची) बुडे निळी दिसतात, पण अक्षतंतू (संदेश दूर नेणारा लांब तंतू) मात्र जवळजवळ बेपत्ता असतो. याचे कारण रंगातच आहे: मिथिलीन ब्लू आरएनएने भरलेल्या निस्सल कणांना धरतो आणि ते कण काया व वृक्षिकांमध्ये असतात, अक्षतंतूत नसतात. पाठ्यपुस्तकातील आकृतीत दिसणारी लांब शेपटी या काचेवर शोधत बसणे व्यर्थ आहे. संपूर्ण पेशी तिच्या फांद्यांसह प्रथम स्पष्ट दिसली ती कामिल्लो गोल्जी यांच्या 1873 च्या चांदीच्या अभिक्रियेमुळे, आणि तिची खुबी हीच की ती मोजक्याच पेशींना रंगवते.

आता त्या बारीक निळ्या ठिपक्यांविषयी, ज्यांच्याकडे आपल्यापैकी बहुतेक जण दुर्लक्ष करतात. एका चेतापेशीभोवती त्यांची गर्दी असते आणि ती बहुतांशी ग्लायल (चेतापेशींच्या मदतनीस) पेशींची केंद्रके असतात: पोषण व क्षारांचा समतोल सांभाळणारे ॲस्ट्रोसाइट, तंतूंभोवती मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचे वेष्टन घालणारे ऑलिगोडेंड्रोसाइट, सफाई करणारे मायक्रोग्लिया. एवढ्या रंगावर त्यांचे प्रकार वेगळे करता येत नाहीत, आणि करता येतात असे म्हणणाऱ्या छायाचित्रांवर माझा विश्वास नाही. ग्लायल पेशी चेतापेशींच्या दहापट असतात असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. 2009 च्या मोजणीत मानवी मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आणि जवळपास तितक्याच इतर पेशी आढळल्या.

स्मिअरमध्ये पेशी दिसते, रचना मोडते. म्हणून रचना पाहण्यासाठी फॉर्मेलिनमध्ये घट्ट केलेल्या तुकड्याचे पात्याने आडवे काप घेतले. साध्या भिंगाखालीही मधला फुलपाखरासारखा करडा भाग आणि भोवतीचा पांढरा भाग वेगळे दिसतात. करड्यात काया, पांढऱ्यात मायलिनने मढलेले तंतू. संवेदना मागच्या बाजूने आत येतात आणि स्नायूंकडील आज्ञा पुढच्या बाजूने बाहेर पडतात. माणसात अशा मेरुचेतांच्या 31 जोड्या व मेंदूतून निघणाऱ्या 12 जोड्या मिळून परिघीय चेतासंस्थेचा मुख्य सांगाडा होतो. मेंदू आणि मेरुरज्जू म्हणजे मध्यवर्ती संस्था.

हा काप पाहताना आपल्या धानपट्ट्यातील लाखोळीचा विचार टाळता येत नाही. धान कापल्यावर ओल्या बांधीत येणारी ही डाळ टंचाईच्या काळात महिनोन्महिने मुख्य अन्न झाली, की पाय कायमचे आखडण्याचा रोग होऊ शकतो. तिच्यातील ओडीएपी हे द्रव्य ग्लुटामेट या चेतापेशींच्या नैसर्गिक उत्तेजक रसायनाची नक्कल करून चेतापेशींना अति उत्तेजित करते. मात्र यात प्रामुख्याने बिघडतात त्या मेंदूच्या बाह्यकातून (बाहेरच्या थरातून) निघून मेरुरज्जूच्या पांढऱ्या भागातून खाली येणाऱ्या वरच्या प्रेरक चेतापेशी. माझ्या काचेवरच्या, करड्या भागातील खालच्या पेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात, म्हणूनच रोग्याचे पाय लुळे न पडता ताठर होतात. बोकडाच्या कापात तो मार्ग नीट दाखवता येणार नाही, कारण खुरवाल्या प्राण्यांत तो बराच तोकडा असतो.

पुढचे काम मांडीमागच्या सायटिक चेतेचे आहे. ताजी चेता मिठाच्या सौम्य पाण्यात सुयांनी विंचरून तंतू सुटे केले, की मायलिन रंगाविनाच चकाकते आणि ठरावीक अंतरावर रॅनव्हिएच्या खाचा, म्हणजे मायलिनमधील फटी, दिसायला हव्यात. दोन खाचांमधील प्रत्येक टप्प्याला एकच श्वान पेशी वेष्टन घालते, तर मेरुरज्जूत एकच ऑलिगोडेंड्रोसाइट अनेक तंतूंना. संदेश खाचेवरून खाचेवर उडी घेत जात असल्याने जाड तंतूंत त्याचा वेग सेकंदाला 120 मीटरपर्यंत पोहोचतो, मायलिन नसलेल्या तंतूंत तो दोन मीटरच्या पुढे क्वचितच जातो. आतापर्यंत तंतू सुटे झाले आहेत, खाचा मात्र निःसंशय म्हणाव्यात इतक्या स्पष्ट मिळालेल्या नाहीत; अधिक बारीक सुया मागवल्या आहेत.